एका खुणेचा इतिहास

रोग बाहेर दिसूं लागण्यापूर्वींच तो ओळखतां यावा, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. नाडीवर तीन बोटें ठेवून दोषांची गति पाहणारे, मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो हें न्याहाळणारे, जीभ, डोळे व स्वर यांची परीक्षा करणारे आमचे वैद्य ह्याच इच्छेपोटीं आपली विद्या वाढवीत आले. आज तीच इच्छा कांचेच्या नळींतील रक्तावर येऊन ठेपली आहे. सुशिक्षित कुटुंबांतून वर्षाकाठीं एकदां रक्त तपासून घेण्याची चाल पडली आहे. आणि तपासणीचा कागद घरीं आला म्हणजे ज्या आंकड्यापुढें ठळक खूण केलेली असेल त्या आंकड्यावर सर्वांची दृष्टि खिळते. तो आंकडा कोणी ठरविला, कशावरून ठरविला आणि तो नेमकें काय सांगतो, हें विचारण्याचें भान त्या घटकेस फारसें कोणास राहत नाहीं.

म्हणून अशाच एका खुणेचा इतिहास येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ही खूण प्रथम एका लज्जास्पद मानलेल्या रोगाची साक्षीदार म्हणून पुढें आली. तिच्या साक्षीवर कित्येकांचीं लग्नें अडलीं. पुढें ती साक्ष पुष्कळदां चुकीची ठरली. आणि ज्या द्रव्याच्या आधारावर ती उभी होती त्या द्रव्यानेंच अखेरीस अगदीं निराळ्या रोगाचें, लहान मुलांच्या एका प्राणघातक हृदयविकाराचें, मूळ दाखवून दिलें.

माधवनिदानांत रोग जाणण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. रूप म्हणजे रोगाचें प्रकट झालेलें चिन्ह; संप्राप्ति म्हणजे दोष कुपित होऊन शरीरांत रोग कोणत्या मार्गानें उभा राहिला त्याचें ज्ञान. हीं दोन शास्त्रकारांनीं वेगवेगळीं गणलीं, ह्यांत मोठें शहाणपण आहे. चिन्ह हातीं लागलें म्हणजे मार्ग कळला असें होत नाहीं. आमच्या ह्या कथेंत तर चिन्ह आणि मार्ग ह्यांच्यामध्यें जवळजवळ एका शतकाचें अंतर पडलें.

ज्या रोगापासून कथेचा आरंभ होतो त्यास आपल्या बोलींत गरमी व शास्त्रीय भाषेंत उपदंश म्हणतात. भावमिश्रानें सोळाव्या शतकांत आपल्या भावप्रकाशांत फिरंग रोग म्हणून ज्याचें वर्णन केलें व फिरंगी लोकांच्या संसर्गाशीं ज्याचा संबंध जोडला, तो हाच. ह्या रोगाची दुष्टता अशी कीं, पहिला व्रण आपोआप भरून येतो, रोगी स्वतःस बरा झालेला समजतो, आणि मध्यें कित्येक वर्षें लोटल्यावर रोग हृदयाच्या महारोहिणींत किंवा मेंदूंत पुनः डोकें वर काढतो. दरम्यान पत्नीस व गर्भांतील बालकासहि त्याची बाधा होते. तेव्हां रोग दबून बसलेला असतां तो ओळखावयाचा कसा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीं साऱ्या युरोपास भेडसावीत होता.

१९०५ सालीं शाउडिन व होफमान ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं उपदंशाचा मळसूत्राच्या आकाराचा जंतु दाखवून दिला. पुढच्याच वर्षीं, १९०६ मध्यें, आउगुस्ट फोन वासरमान ह्यानें नाइसर व ब्रुक ह्या सहकाऱ्यांसह रक्तपरीक्षेची एक पद्धति प्रसिद्ध केली. तिचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. रक्तांत एक पूरक द्रव्य असतें. शरीरानें निर्माण केलेलें प्रतिद्रव्य आणि तें ज्याच्याविरुद्ध निर्माण झालें तो पदार्थ ह्यांची गांठ पडली कीं हें पूरक द्रव्य त्या झटापटींत खर्ची पडतें. तें खर्ची पडलें कीं शिल्लक राहिलें, हें ओळखण्यासाठीं मग नळींत मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी व त्या पेशींविरुद्धचें प्रतिद्रव्य हीं मिळवितात. पूरक द्रव्य शिल्लक असल्यास पेशी फुटून सारा द्रव तांबडा व स्वच्छ होतो. नसल्यास पेशी अभंग राहून तळाशीं बसतात. तळाशीं बसलेला तो तांबडा ठिपका म्हणजे उपदंशाची साक्ष.

आतां ह्या परीक्षेसाठीं उपदंशाच्या जंतूंचा अर्क पाहिजे. पण ते जंतु कृत्रिम रीतीनें वाढवितां येत नव्हते. म्हणून वासरमाननें आईच्या पोटांतच ह्या रोगानें मरण पावलेल्या अर्भकांचें यकृत घेतलें, कारण त्यांत जंतु खच्चून भरलेले असत. परीक्षा यशस्वी झाली, आणि यशाचें कारणहि उघड दिसत होतें : रोग्याच्या रक्तांतील प्रतिद्रव्य जंतूस ओळखतें. परंतु हें उघड दिसणारें कारण फार काळ टिकलें नाहीं. १९०७ मध्यें व्हिएन्ना येथील कार्ल लांडश्टायनर व त्याचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, जंतूचा स्पर्शहि न झालेल्या निरोगी प्राण्यांच्या अवयवांचा मद्यार्कांत काढलेला अर्क घेतला तरी परीक्षा तशीच साधते. अनुभवानें बैलाच्या हृदयाचा अर्क सर्वांत सोयीचा ठरला, आणि पुढें जगभरच्या प्रयोगशाळा तोच वापरूं लागल्या.

वाचकांनीं क्षणभर येथें थांबून ह्या गोष्टीचें नवल पाहावें. माणसाच्या रक्तांतील उपदंशाची खूण बैलाच्या हृदयास ओळखत होती! ज्या सिद्धान्तावर परीक्षा उभारली तो सिद्धान्त कोसळला, पण परीक्षा उभीच राहिली. रोग्यास सांगितला जाणारा निर्णय तोच, त्याचे परिणाम तेच. मात्र तो निर्णय खरा कां ठरतो हें निर्णय देणाऱ्यांस ठाऊक नव्हतें.

ह्या विचित्र स्थितीचें मर्म ज्यानें प्रथम नीट ओळखलें तो लुड्विक फ्लेक हा त्या काळीं पोलंडांत असलेल्या ल्वूव शहरांतील वैद्य होता. तो स्वतः प्रयोगशाळेंत रक्तपरीक्षा करणारा. १९३५ सालीं त्यानें शास्त्रीय सत्य कसें जन्मतें व वाढतें ह्या विषयावर एक जर्मन ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांत उदाहरण म्हणून वासरमानची परीक्षाच घेतली. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : ही परीक्षा कोणा एकाच्या प्रतिभेंतून पूर्ण होऊन बाहेर पडली नाहीं. आरंभींचे प्रयोग अस्थिर होते. अनेक हातांनीं अनेक वर्षें प्रमाणें बदलून, कोठें रेघ ओढावयाची हें आपसांत ठरवून, ती उपयोगी केली. आणि ‘दूषित रक्त’ ही जी शतकानुशतकांची लोककल्पना तीच ह्या साऱ्या खटाटोपास नेट देत होती. पुढें नात्सींनीं फ्लेकला आउश्वित्स व बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत डांबलें. त्यांतून तो वांचला. त्याच्या ग्रंथाकडे मात्र त्या काळीं फारसें कोणी पाहिलें नाहीं. त्याची थोरवी कळण्यास आणखी तीस-चाळीस वर्षें जावीं लागलीं.

इकडे व्यवहारांत अडचण अशी होती कीं, हृदयाचा प्रत्येक अर्क निराळा उतरे. एकाच रोग्याचें रक्त एका प्रयोगशाळेंत दोषी व दुसरींत निर्दोष ठरे. ह्या गोंधळांतून मार्ग काढला तो अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानच्या आरोग्यखात्याच्या ऑल्बनी येथील प्रयोगशाळेंतील मेरी पँगबॉर्न ह्या विदुषीनें. १९४१ व १९४२ ह्या सालांत तिनें बैलाच्या हृदयांतून नेमकें परीक्षेस कारण होणारें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. तें प्रथिन नव्हे, तर फॉस्फरसयुक्त स्निग्ध द्रव्य निघालें. हृदयांतून मिळालें म्हणून तिनें त्याचें नांव कार्डिओलिपिन असें ठेविलें. ह्या शुद्ध द्रव्यांत लेसिथिन व कोलेस्टेरॉल ठराविक प्रमाणांत मिसळून १९४६ मध्यें जी सोपी परीक्षा सिद्ध झाली, तीच आज आपल्या रुग्णालयांतूनहि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणींत व्ही. डी. आर. एल. ह्या अक्षरांनीं ओळखली जाते. हिच्यामुळें वेळीं रोग कळून, पेनिसिलिनची मात्रा मिळून, असंख्य बालकें जन्मतःच रोगी होण्यापासून वांचलीं. हें श्रेय तिला दिलेंच पाहिजे.

पण साक्षीदार जितका उपयोगी तितकी त्याची चूकहि घातक. मलेरिया, कुष्ठरोग इत्यादिकांनीं पीडलेल्या माणसाचें रक्तहि ह्या परीक्षेंत उपदंशासारखेंच वागे. १९३५ मध्यें अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानानें विवाहापूर्वीं वधूवरांची अशी रक्तपरीक्षा सक्तीची केली, आणि त्यामागून इतर अनेक संस्थानांनीं तसेच कायदे केले. कित्येक दशकांनंतर ते क्रमाक्रमानें रद्द झाले; परंतु दरम्यान नळीच्या तळाशीं बसलेल्या ठिपक्यावर माणसाचें चारित्र्य ठरत होतें. ज्या कुमारिकेनें कोणतेंहि पाप केलें नाहीं तिच्या हातीं असा कागद पडला म्हणजे तिच्यावर व तिच्या आईबापांवर काय प्रसंग गुदरत असेल, हें आपल्या समाजांत वाढलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. शास्त्राची चूक ही तिच्या घरीं शास्त्राची चूक म्हणून येत नाहीं. ती तिच्या वर्तनावरील डाग म्हणूनच येते.

ह्या अन्यायाचें परिमार्जन व्हावयास १९४९ साल उजाडलें. त्या वर्षीं नेल्सन व मेयर यांनीं जिवंत उपदंशजंतूंवरच परीक्षा करण्याची रीत काढली. रोग्याच्या रक्तद्रवानें जंतूंची हालचाल थांबली तर रोग खरा. न थांबली तर बैलाच्या हृदयाची साक्ष खोटी. बाल्टिमोर येथील जोसेफ मूर ह्या वैद्यानें अशा ‘खोट्या’ रक्ताच्या लोकांचा मागोवा घेतला. सामान्य माणूस म्हणाला असता, ‘परीक्षा चुकली, तुम्ही निर्दोष, सुखानें घरीं जा.’ मूरनें तसें केलें नाहीं. वर्षानुवर्षें ज्यांचें रक्त अशी खोटी साक्ष देत राही, त्यांत स्त्रियांचा भरणा अधिक होता. आणि त्यांपैकीं कित्येकींस पुढें ल्यूपस नांवाचा, शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा रोग जडला, असें १९५० नंतरच्या दशकांत त्यास आढळून आलें. १९८३ मध्यें लंडन येथें ग्रॅहम ह्यूज व त्याचे सहकारी यांनीं कार्डिओलिपिनविरुद्धचीं प्रतिद्रव्यें मोजण्याची सूक्ष्म पद्धति दिली. आणि ज्या स्त्रियांचे गर्भ वारंवार पडतात किंवा तरुण वयांत ज्यांच्या रक्तवाहिन्यांत गांठी होतात, त्यांच्यांतील कित्येकींच्या दुःखाचें कारण उघड झालें. एके काळीं ज्या खुणेनें स्त्रीस कलंकित केलें, तीच खूण नीट वाचतां येऊं लागल्यावर तिची कूस वांचविण्यास उपयोगी पडली.

तरी मूळ कोडें शिल्लकच होतें. सगळे अवयव सोडून हृदयच कां? ह्याचें उत्तर रक्तपरीक्षा करणाऱ्यांकडून आलें नाहीं. तें पेशीच्या अंतरंगाचा अभ्यास करणाऱ्यांकडून आलें. पेशींतील सूक्ष्म कणांचें वर्णन जर्मनींत आल्टमाननें १८९० मध्यें केलें होतें. १८९८ मध्यें बेंडानें ग्रीक भाषेंतील सूत्र व कण ह्या अर्थाचे शब्द जोडून त्यांस मायटोकॉन्ड्रिया हें नांव दिलें. आपल्या पाठ्यपुस्तकांतून त्यांस तंतुकणिका म्हणतात. शिकागो येथें केनेडी व लेनिंजर यांनीं १९४८-४९ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, अन्नाचें ज्वलन करून पेशीस शक्ति पुरविण्याचें मुख्य काम येथेंच चालतें. पीटर मिचेल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९६१ मध्यें त्या कामाची युक्ति उलगडली : धरणाच्या भिंतीमागें पाणी तुंबवून मग तें चक्रावर सोडावें, तसें तंतुकणिकेच्या आंतील पडद्याच्या एका बाजूस हायड्रोजनचे भारित कण सांठवून, त्यांच्या परतीच्या ओघावर शक्ति निर्माण होते. ह्या विचाराबद्दल त्यास १९७८ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

हा जो आंतील पडदा, त्याचें खास स्निग्ध द्रव्य म्हणजेच कार्डिओलिपिन. सामान्य स्निग्ध द्रव्यास दोन शेपट्या असतात, ह्यास चार. त्यामुळें पडद्यास घड्या पडतात व शक्ति निर्माण करणारीं यंत्रें आपापल्या जागीं एकमेकांस धरून राहतात. हृदय दिवसाकाठीं सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतें, त्यास विश्रांति ठाऊक नाहीं. म्हणून त्याच्या स्नायुपेशीचा सुमारें एक-तृतीयांश भाग तंतुकणिकांनींच व्यापलेला असतो. बैलाच्या हृदयाचा अर्क सरस कां ठरला, ह्याचें उत्तर इतकें सरळ होतें. रोगाच्या माऱ्यानें पेशी भंगल्या कीं हें आंतलें द्रव्य उघडें पडतें व शरीर त्यास परकें समजून प्रतिद्रव्यें निर्माण करितें, असा एक तर्क आहे. जंतूच्या अंगच्या स्निग्ध द्रव्याचाहि त्यांत वांटा असावा.

आतां कथेचा शेवटचा भाग. १९८३ सालींच, लंडनमध्यें कार्डिओलिपिनविरुद्धचीं प्रतिद्रव्यें मोजलीं जात असतां, हॉलंडांत पीटर बार्थ ह्या बालवैद्यानें एका मोठ्या कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या कुटुंबांत पिढ्यानुपिढ्या मुलगे तान्हेपणींच दगावत होते. त्यांचें हृदय फुगून दुबळें होई, हातापायांचे स्नायु शिथिल असत, आणि रक्तांतील रक्षक पांढऱ्या पेशी उणावल्यामुळें साधा संसर्गहि प्राणावर बेते. मुली मात्र सुखरूप असत. दोष आईकडून येई, पण आई स्वतः निरोगी. बार्थनें त्या मुलांच्या तंतुकणिकांत बिघाड दाखविला. १९९६ मध्यें त्या दोषाचें जनुक सांपडलें. आणि २००० मध्यें अ‍ॅम्स्टरडॅम येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, ह्या मुलांच्या पेशींत कार्डिओलिपिन घडविण्याची शेवटची पायरीच चुकते. त्याच्या चार शेपट्या योग्य जातीच्या जोडल्या जात नाहींत. पँगबॉर्नबाईंनीं बैलाच्या हृदयांतून काढलेलें द्रव्य ह्या मुलांच्या हृदयांत अपुरें व सदोष होतें. एवढ्यासाठीं तें हृदय थकत होतें.

ज्या घरांत एकामागून एक मुलगे जातात त्या घरांतील आईस काय काय ऐकावें लागतें, हें आम्ही लिहीत नाहीं. परंतु दोषाचें नांव कळणें हा त्या आईस केवढा आधार आहे, हें सहज लक्षांत येईल. आज अशा मुलाच्या रक्ताचा एक थेंब कागदावर वाळवून पाठविला तरी पुरतो. त्यांतील पूर्ण व अपूर्ण कार्डिओलिपिनचें परस्पर प्रमाण मोजून रोग निश्चित सांगतां येतो. म्हणजे कार्डिओलिपिन पुनः रक्तपरीक्षेंत आलें. ह्या वेळीं मात्र उसनी साक्ष देण्यास नव्हे, स्वतःची हकीकत सांगण्यास. २०२५ च्या सप्टेंबरांत, कार्डिओलिपिनला जाऊन चिकटणाऱ्या एलामिप्रेटाइड नांवाच्या औषधास अमेरिकेच्या औषधनियामक खात्यानें ह्या रोगासाठीं सशर्त मंजुरी दिली. तिचा आधार स्नायूंच्या बळांत दिसलेली सुधारणा एवढाच आहे, आणि प्रयोगांत भाग घेतलेले रोगी अगदीं थोडे होते. तेव्हां तें रामबाण म्हणून कोणी मानूं नये. पण मार्ग कळल्यावर उपायाकडे पाऊल पडतें, हें त्यावरून दिसतें.

हा इतिहास आम्हांस आजच सांगावासा कां वाटला, ह्याचें कारण कर्करोगाच्या रक्तपरीक्षा हें होय. वासरमानच्या यशानंतर कर्करोगासाठींहि अशी परीक्षा असावी म्हणून शास्त्रज्ञ धडपडूं लागले. आब्डरहाल्डेन ह्यानें १९१२ मध्यें प्रथम गर्भधारणेसाठीं जी परीक्षा काढली तिचा कर्करोगाकडेहि विस्तार झाला. पुढें तिला आधारभूत मानलेलीं द्रव्येंच अस्तित्वांत नाहींत असें ठरलें. १९६५ मध्यें माँट्रिअल येथें गोल्ड व फ्रीडमन यांस मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत एक खूण सांपडली. ती त्या रोगाचीच असें प्रथम वाटलें, पण धूम्रपान करणाऱ्यांत, यकृताच्या व आंतड्याच्या दुसऱ्या विकारांतहि ती आढळूं लागली. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटतो कीं काय हें पाहण्यास ती उत्तम. निरोगी दिसणाऱ्यांत रोग हुडकण्यास ती कुचकामी. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या खुणेचीहि तीच कथा. ग्रंथि केवळ वयानें वाढली तरी तिचा आंकडा चढतो. आणि ज्या रिचर्ड एब्लिननें १९७० मध्यें ते द्रव्य ओळखलें, त्यानेंच २०१० मध्यें सरसकट सर्व पुरुषांवर ती परीक्षा लादण्याविरुद्ध उघड लेख लिहिला.

ह्यावरून रक्तपरीक्षा टाकून द्याव्या असें आमचें म्हणणें नाहीं. गर्भवतीची परीक्षा टाळणें तर अक्षम्य होय. आमचें म्हणणें इतकेंच कीं, खूण सांपडते एका दिवशीं आणि तिचा अर्थ कळतो पुष्कळ दिवसांनीं. मधल्या काळांत ती खूण ज्याच्या कपाळीं येते त्याच्याशीं वैद्यानें, घरच्यांनीं व समाजानें सबुरीनें वागलें पाहिजे. मूरनें खोट्या साक्षीचाहि पाठपुरावा केला म्हणून पुढें अनेक मातांचें भलें झालें. उलट, विवाहाचे कायदे करणाऱ्यांनीं साक्ष हाच निकाल मानिला म्हणून निरपराध माणसें भोवऱ्यांत सांपडलीं. दोघांपुढें परीक्षा एकच होती.

तेव्हां पुढच्या खेपेस ठळक खुणेचा कागद घरीं आला, तर वाचकांनीं तो लपवूं नये आणि त्यावरून रात्रभर जागूंहि नये. तो घेऊन जाणत्या वैद्याकडे जावें व दोन गोष्टी विचाराव्या : ही खूण आणखी कशाकशांत दिसते, आणि ती खरी ठरल्यास आपण कोणता उपाय करणार आहोंत? ह्या दोन प्रश्नांचें उत्तर मिळेपर्यंत त्या आंकड्यास रोगाचें नांव देऊं नये.